आहेरातल्या सात जणी

"अगं शुभा, ऐकलंस का, नवऱ्याकडून नवरीला आहेर काय आला ते? सात दासी! दागिना नाही, भांडंकुंडं नाही. सात शिकल्यासवरलेल्या बायका, आणि एकेकीनं भर मांडवात उभं राहून आपल्याला काय काय येतं ते सगळं सांगायचं. पाहुणे नुसते कातावले."

"अगंबाई! कुणाच्या लग्नात, काकू? कालच्या त्या हॉलवरच्या का?"

"हॉलवरच्या कुठलं, आकाशगंगेतल्या. देवांचा राजा ज्युपिटर, त्याच्या वाड्यात. नवरा म्हणजे देवांचा निरोप्या मर्क्युरी, आपण बुध म्हणतो त्या ग्रहाचा देव. नवरी मात्र माणसांतली, फिलोलॉगिया. वाचनाचं नि विद्येचं वेड म्हणजे काय, ते त्या पोरीकडे बघून कळावं. हे लग्न लावलं मार्तियानुस कापेला नावाच्या माणसानं, पाचव्या शतकात, उत्तर आफ्रिकेत कार्थेजला बसून. लॅटिनमध्ये, नऊ भागांत, मध्येच गद्य मध्येच पद्य. लिहिलं आपल्या मुलासाठी, आणि मुलाचं नावही मार्तियानुसच."

"म्हणजे गोष्टीचं पुस्तक."

"गोष्ट पहिल्या दोन भागांत. पुढचे सात भाग पाठ्यपुस्तक. तिथंच तर खरी गंमत आहे, पण आधी लग्न जुळलं कसं ते ऐक. मर्क्युरीच्या आईनं, मायानं, लकडा लावला की आता तू घोडा झालास, मिसरूड फुटलं, लग्न कर. आणि पोरगा अंगावर आखूड झगा घालून हिंडणारा. तो झगा खांद्यांपुरताच, बाकी सगळं उघडं. व्हीनस त्याला बघून खदखदा हसली, असं कापेलानं सरळ लिहिलंय."

"अय्या!"

"मुली बघितल्या तीन. पहिली सोफिया, म्हणजे शहाणपण. पण ती मिनर्व्हाची दूधबहीण, आणि मिनर्व्हा स्वतः आजन्म कुमारिका. तिच्या घरातून मुलगी निघणार कशी? दुसरी मान्टिसे, भविष्य सांगणारी. ती आधीच सूर्यदेव अपोलोच्या मागे गेलेली. तिसरी सायकी, ती क्युपिडनं पळवलेली. झालं! मग अपोलोकडे सल्ल्याला गेले. तो म्हणाला, फिलोलॉगिया बघा, रात्र रात्र जागून अभ्यास करते, तिला माहीत नाही अशी गोष्ट नाही. ज्युपिटरच्या मनात वेगळीच शंका. हा लग्न करून बसला तर बायकोच्या मागे लागून आळशी होईल, माझे निरोप कोण नेणार? तर त्याची बायको जुनो काय म्हणाली माहितीये? ही मुलगी स्वतः झोपत नाही, ती नवऱ्याला कुठली झोपू देते!"

"सासू असावी तर अशी."

"सासू नव्हे गं, सावत्र सासू. पुढे ऐक. पत्रिका जुळवली कुणी? नवरीनं स्वतः. कागद-पेन नाही, अक्षरांच्या आकड्यांवरून. ग्रीकमध्ये प्रत्येक अक्षराला आकडा असतो. मर्क्युरीचं इजिप्तकडचं नाव थोथ, त्याची बेरीज झाली 1218. हिच्या स्वतःच्या नावाची 724. दोन्हींना नवानं भागलं, बाकी उरली त्याची 3 आणि हिची 4. दोन्ही मिळून 7. मी कागदावर करून बघितलं, बरोबर येतं. तीन नि चाराचा मेळ शुभ, म्हणून पोरीचा जीव भांड्यात पडला."

"आणि दासीही सात."

"अगदी बरोबर पकडलंस. पुढे शतकानुशतकं युरोपात शिकवताना त्या सातांचे तीन आणि चार असे दोन गठ्ठे केले. व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही शब्दांची तीन. भूमिती, अंकगणित, ज्योतिष, संगीत ही आकड्यांची चार. चारांना 'क्वाड्रिव्हियम' हे नाव बोएथियसनं दिलं, तोही कापेलानंतर. तीनांचं 'ट्रिव्हियम' त्याच्याही मागाहून आलं. म्हणजे कापेलाच्या लग्नात नवऱ्याचे तीन नि नवरीचे चार होते, तेव्हा ही नावं जन्मालाही आली नव्हती."

"मग नवरी तयार झाली वर जायला?"

"तयार कसली, घाबरली. एक तर जळून जाईन की काय ही भीती. दुसरी भीती मला फार आवडली. एकदा देवांच्यात गेलं की पुराणकथा, कवींच्या गमतीजमती आणि त्या चावट मिलेशियन गोष्टी कायमच्या सुटतील, म्हणून ती हळहळली. इतकी विदुषी, पण चावट गोष्टी सुटणार म्हणून जीव तुटतो. ही बाई मला तिथंच पटली. आई फ्रोनेसिसनं तिला सजवलं. आणि मग आली अथानासिया, अमरत्व म्हणजे तीच. तिनं फिलोलॉगियाच्या छातीला हात लावला आणि म्हणाली, आत काहीतरी ठासून भरलंय, ते बाहेर काढल्याशिवाय अमृत मिळायचं नाही."

"काय भरलं होतं?"

"पुस्तकं! ओकली ती. जोर करकरून ओकली. तोंडातून गुंडाळ्या बाहेर. पपायरसच्या, तागाच्या कापडाच्या, कातड्याच्या, काही लिंडेनच्या सालीवर लिहिलेल्या. आणि आजूबाजूच्या पोरी, विद्या-कला सगळ्या, त्या खाली पडलेलं गोळा करून पदरात भरतायत, आपल्याला लागेल तेवढं. म्युझ म्हणजे कलांच्या देवी, त्यांच्यातल्या दोघीही त्यात होत्या, युरेनिया आणि कॅलियोपी. सगळं ओकून झाल्यावर मग तिला प्यायला दिलं आणि ती अमर झाली."

"शी, काकू! जेवायच्या वेळेला."

"मी नाही, कापेलानं लिहिलंय. पण सांगू का, मला त्यात घाण काहीच वाटत नाही. पोरीनं सगळं आत भरून ठेवलेलं होतं, ते तिच्या एकटीच्या उपयोगाचं. बाहेर पडलं तेव्हाच दुसऱ्यांनी उचललं. मग तिला पालखीत बसवलं. पालखीचे भोई कोण? श्रम आणि प्रेम हे दोन मुलगे, काळजी आणि जागरण या दोन मुली. अभ्यास करणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावणारे हेच चौघे, त्यात चूक नाही काही."

"आता आहेर."

"हो, आता तो आहेर. लग्नाचा करार वाचायचा, रोमी कायदा काय म्हणतो ते वाचायचं, असं सगळं ठरलं. इथं दुसरा भाग संपतो आणि कापेला म्हणतो, गोष्ट झाली, आता शास्त्र सुरू. तिसऱ्या भागाच्या तोंडीच त्याची म्युझ भांडायला उभी. नुसतं शास्त्र कोण वाचणार, नटवून सजवून दे की! आणि तिनं हट्टानं त्या शास्त्रांना साड्याचोळ्या... म्हणजे त्यांच्याकडचे झगेबिगे नेसवलेच. पहिली आली व्याकरण. चांगली वय झालेली बाई. जन्म इजिप्तमधल्या मेंफिसचा, नंतर अथेन्सकडे राहिलेली, आता रोमी झगा घातलेला. हातात हस्तिदंती पेटी, वैद्याची असते तशी. पेटीत सुरी, मुलांच्या जिभेवरचे चुकीचे उच्चार कापायला. एक कानस, तिचे आठ भाग, मध्ये सोनेरी रेषा."

"आठ का?"

"शब्दांच्या आठ जाती! आणि एक लालभडक जहाल औषध. कशाचं, तर ज्या झाडाच्या दांड्यानं तिकडचे मास्तर मुलांना मारायचे त्याची फुलं आणि बकऱ्याच्या कातड्याचा तुकडा. म्हणजे छडी आणि चाबूक. अडाणी मुलांच्या घशातून येणारे घाणेरडे ढेकर बंद व्हायला ते घशाला लावायचं. कापेला तोंडावर हसू न आणता हे सांगतो. आणि बाई जी बोलायला लागली, अक्षरं, मात्रा, शब्दरूपं, संपता संपेना. शेवटी मिनर्व्हानं मध्ये पडून थांबवलं. देव कंटाळलेत म्हणून."

"देवसुद्धा!"

"तर काय! दुसरी, तर्कविद्या. फिकट चेहऱ्याची, नजर सारखी इकडून तिकडे. डाव्या हातात झग्याखाली लपवलेला साप. उजव्या हातात सुंदर सुंदर पाट्या, त्यांच्या आत आकडा. कुणी पाटी घ्यायला गेला की आकड्यात अडकतो, ओढला जातो आणि सापाच्या विळख्यात. वाद घालणारे असतील तुझ्या ओळखीचे एकदोन, त्यांच्यावर नीट बसतं. तिसरी वक्तृत्व. उंचीपुरी, शिरस्त्राण घातलेली, शस्त्रांचा खणखणाट करत आली. नवरीच्या डोक्याचा मुका घेतला तोही सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. तिला गप्प काही करताच येत नाही म्हणे."

"अशा आहेत आपल्याकडेही दोघीतिघी."

"नाव नको घेऊस, भिंतीला कान असतात. भूमिती आली ती जग हिंडून पायताणं झिजलेली, हातात मोजायची काठी. आकृत्या राहिल्या बाजूला, तिनं भूगोल सांगायला घेतला. एराटोस्थेनिसनं पृथ्वीचा घेर 2,52,000 स्टेडिया मोजला, ते सांगितलं. मग देश एकामागून एक, त्यात आपला भारत आला, तप्रोबने म्हणजे श्रीलंकाही आली. सगळं प्लिनी आणि सोलिनस या जुन्या लेखकांकडून उचललेलं, जागेवर जाऊन बघितलेलं काही नाही. आकृतीला सुरुवात करणार, तोच जमलेल्या तत्त्वज्ञांनी युक्लिडच्या नावानं टाळ्या वाजवल्या, आणि तिनं त्याची पुस्तकंच ज्युपिटरच्या हातात दिली. संपवलं!"

"हुशार."

"अंकगणिताच्या कपाळातून किरण निघत होते आणि बोटं अशी फिरत होती की डोळ्यांना दिसेनात. बोटांवर आकडे दाखवायची त्या काळी पद्धत होती. तिनं आल्या आल्या 717 चा आकडा करून ज्युपिटरला नमस्कार केला. ग्रीक अक्षरांत मांडलं तर त्याचा शब्द होतो 'आदी', सगळ्याची सुरुवात. पण मला लग्नातला सगळ्यात आवडता प्रसंग त्याच्या नंतरचा. ज्योतिष यायची वेळ झाली, सगळे गंभीर बसलेत, आणि म्हातारा सायलेनस, बॅकसचा तो दारुडा साथीदार, घोरतोय. इतक्या मोठ्यानं की लग्नघर दणाणलं. क्युपिडनं जाऊन त्याच्या टकलावर सणसणीत थप्पड मारली. सगळे देव हसून हसून लोळले."

"आणि लेखक?"

"लेखकाला शिव्या बसल्या. ही सगळी गोष्ट कापेलाला सांगणारी एक बाई आहे, सातुरा. लॅटिनमध्ये जो सरमिसळ विनोदी लेखनप्रकार, त्याचीच बाई केलीय त्यानं. ती चिडली, इतक्या पवित्र सभेत हा दारुडा कशाला आणलास? तुझ्या नावातच शेळी आहे, अक्कलही तेवढीच. स्वतःच्या पुस्तकात स्वतःला शेळी म्हणवून घेणारा माणूस, मी त्याचे सात खून माफ केले. बघ ना, हा पाठ्यपुस्तक लिहितोय आणि पानापानावर श्रोते कंटाळलेत हे दाखवतोय. मिनर्व्हा थांबवते, व्हीनस जांभया देते, एकजण घोरतोच. विद्या कंटाळवाणी असते हे मान्य करून ती शिकवणारा शिक्षक मला दुसरा भेटलेला नाही."

"मग ज्योतिषाचं काय झालं?"

"ज्योतिष बोलली आणि त्या एका भाषणानं पुढे हजार वर्षांनी काम केलं. ती म्हणाली, बुध आणि शुक्र पृथ्वीभोवती फिरत नाहीत, ते सूर्याभोवती फिरतात. म्हणजे नवरदेवाच्या तोंडावर सांगितलं, तू अपोलोच्या भोवती फिरतोस! 1543 मध्ये कोपर्निकसनं आपलं मोठं पुस्तक छापलं, तेव्हा पहिल्याच खंडात कापेलाचं नाव घेऊन म्हटलं की हे मत दुर्लक्ष करण्यासारखं नाही. कापेला काही मोठा ज्योतिषी नव्हता, दुसऱ्यांचं गोळा करणारा होता. पण गोळा केलेलं जपून ठेवलं, तेही मोलाचं."

इतक्यात पलीकडच्या अंगणातला पाण्याचा पाइप बंद झाला आणि अण्णांचा आवाज आला. अण्णा बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. आमच्या गप्पा ऐकत नाहीत असं दाखवतात.

"काय हो काकू, सात मोजल्यात तुम्ही. बांधकाम कुठाय त्यात? वैद्यकी कुठाय?"

"अण्णा, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. त्या दोघी आल्या होत्या. तयार होऊन मांडवात उभ्या होत्या. संगीत आत यायच्या आधी ज्युपिटरनं विचारलं, अजून किती जणी राहिल्या? व्हीनस तर पार वैतागलेली. अपोलो म्हणाला, वैद्यकी आणि वास्तुविद्या आहेत, पण त्यांचं सगळं काम मर्त्य गोष्टींचं, पृथ्वीवरचं. स्वर्गात त्यांना काय बोलायचंय? राहू देत गप्प. आणि राहिल्या. एक वाक्य त्यांना मिळालं नाही."

"देवांना ताप येत नाही हे समजू शकतो," अण्णा म्हणाले. "पण तो ज्युपिटरचा वाडा कुणी बांधला?"

शुभा हसायलाच लागली. मी मात्र गंभीर होते, कारण हा प्रश्न मला वाचताना सुचला नव्हता आणि सुचायला हवा होता.

"कापेलाच्या आधी," मी म्हटलं, "रोममध्ये वार्रो नावाचा महापंडित होऊन गेला, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला. त्यानं विद्यांवर नऊ पुस्तकं लिहिली, त्यात वैद्यकी आणि वास्तुविद्या होत्या. ती पुस्तकं हरवली. कापेलाचं राहिलं आणि सात हा आकडा घट्ट बसला."

"हरवलं नसतं तर नऊ झाले असते?"

"ते मला नाही सांगता येणार, अण्णा. सातांकडे कल तेव्हाही होता. पण पुढे एवढं नक्की झालं की कापेलाचं पुस्तक शाळाशाळांतून गेलं. सहाव्या शतकात गॉलमधला बिशप ग्रेगरी ऑफ तूर आपल्या इतिहासाच्या शेवटी 'आमच्या मार्तियानुस'चं नाव घेतो, त्यानं सात विद्या शिकवल्या म्हणून. नवव्या शतकात जोहान्स एरियुजेना आणि रेमिगियस यांनी त्यावर टीका लिहिल्या. दोनशेहून जास्त हस्तलिखितं आजही शिल्लक आहेत. फार पूर्वी रोममध्ये सेक्युरस मेलियर फेलिक्स नावाच्या एका वक्तृत्वशिक्षकानं कापेना वेशीजवळ बसून ते दुरुस्त केलं, आणि मूळ प्रती चुकांनी भरलेल्या होत्या अशी नोंदही करून ठेवली. 1499 मध्ये इटलीत विचेन्झाला छापलं. 1599 मध्ये हॉलंडच्या ह्यूगो ग्रोशियसनं त्याची संपादित आवृत्ती काढली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता."

"सोळाव्या वर्षी?" शुभा म्हणाली. "आमचा पोरगा सोळाव्या वर्षी उठवल्याशिवाय उठत नाही."

"तुम्ही त्या दोघींचं सांगा," अण्णांनी ते सोडलं नाही. "वैद्यकीचं तरी पुढे बरं झालं. युनिव्हर्सिट्या निघाल्या तेव्हा तिला स्वतंत्र शाखा मिळाली ना?"

"मिळाली. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यकी, या वरच्या शाखा. आधी सात विद्या शिकायच्या, मग तिथं जायचं. म्हणजे लग्नात जिला बोलू दिलं नाही, ती सातांच्या डोक्यावर जाऊन बसली. वास्तुविद्येला तसं काही मिळालं नाही. ती शिकायची ती बांधकामाच्या जागेवर, गवंड्याच्या हाताखाली."

"तेच म्हणतोय मी."

"थांबा. फ्रान्समध्ये शार्त्र गावचं मोठं चर्च आहे. बाराव्या शतकात त्याच्या पश्चिमेच्या दारांवर शिल्पं केली. उजवीकडच्या दाराच्या वर, मेरी आणि बाळ येशूच्या भोवतीच्या कमानीत, सातही विद्या बसवल्यात. व्याकरणबाईच्या हातात छडी, पायाशी दोन पोरं. संगीत घंटा वाजवतेय. प्रत्येकीबरोबर त्या विषयाचा एक जुना पंडित. त्याच शार्त्रच्या शाळेत तिएरी नावाचा गुरू सात विद्यांचा मोठा ग्रंथ जुळवत होता. 1194 मध्ये चर्च जळलं, पण ती दारं वाचली. आजही उभी आहेत."

"आणि कोरली कुणी?"

"माहीत नाही. नाव नाही कुणाचं. व्याकरणाच्या पंडिताला तिथं जागा आहे, दगड फोडून त्याला उभं करणाऱ्याला नाही."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ऑफिसात आमचंही तेच. उद्घाटनाच्या पाटीवर ओव्हरसियरचं नाव कधी पाहिलंय?"

"नाही पाहिलं, अण्णा," शुभा म्हणाली. "पण नवरीचं काय झालं, काकू? लग्न लागलं का नाही?"

"लागलं असं समजायचं. संगीत शेवटी आली, हातात ढालीसारखं गोल वाद्य, सोबत ऑर्फियस, आरियन, अँफियन असे तिघे मोठे वादक. तिनं सगळ्यांना भारून टाकलं, सूर आणि ताल यांचा हिशोब सांगितला, आणि गात गात नवरा-नवरीच्या दालनाकडे निघाली. तिथंच संपलं. शपथा, विधी यांतलं काही नाही. आणि मला खटकतं ते हे की, नवरी त्या सात भागांत जवळजवळ बोलतच नाही. सगळ्या विद्यांचं माहेर असलेली बाई, सगळं ओकून वर गेली आणि मग गप्प. आहेरातल्या बायका बोलतायत आणि जिच्यासाठी आहेर, ती ऐकतेय. कापेलानं हे मुद्दाम केलं असं मला नाही वाटत, पण झालंय खरं."

"शेवटी म्हाताऱ्यानं काय म्हटलं?"

"शेवटच्या कवितेत मुलाला म्हणतो, या बाष्कळपणाबद्दल मला क्षमा कर, सगळा दोष त्या सातुराचा. आणि स्वतःबद्दल लिहितो, कार्थेजमध्ये सुस्त गुराख्यांच्या शेजारात राहतो, कमाई बेताची, दिवसा डुलक्या काढतो. रोम 410 मध्ये गॉथांनी लुटलेलं, कार्थेज 439 मध्ये व्हँडलांनी घेतलं. पुस्तक त्याच्या आधीचं की नंतरचं यावर पंडित अजून भांडतात. काहीही असो, आजूबाजूला सगळं मोडत असताना हा माणूस रात्री दिव्याशी बसून व्याकरणाच्या पेटीतल्या कानशीचे भाग मोजत होता. मला त्याचं कौतुक वाटतं, आणि त्या दोघींना गप्प बसवल्याचा रागही येतो. दोन्ही."

"मी वाचू का, काकू? तुमच्याकडे आहे ना?"

"इंग्रजी भाषांतर आहे, घेऊन जा. पण सांगून ठेवते, पहिले दोन भाग वाच, ते गोष्टीचे. व्याकरणापाशी कंटाळा आला तर लाज वाटून घेऊ नकोस, सरळ आठव्या भागातल्या सायलेनसवर जा, तिथून नवव्यावर. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलच्या मठातला नोटकर नावाचा साधू, 1022 मध्ये वारला, त्यानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी या पुस्तकाचं जुन्या जर्मनमध्ये भाषांतर केलं. आज मिळतं ते पहिल्या दोनच भागांचं."